डॉक्टर काय म्हणाले

"दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत," डॉक्टर म्हणाले. ते माझ्याकडे बघून म्हणाले. आजारी होती माझी बायको, सुमन. ती माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. पण त्याआधीची दहा मिनिटं त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मीच दिलं होतं, म्हणून तेही माझ्याशीच बोलत होते.

१९८५चा नोव्हेंबर होता. आम्हाला न्यू जर्सीत येऊन अडीच वर्षं झाली होती. डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकची एक किडनी होती, मधून उघडणारी. मी तिच्या बिजागरीकडे बघत राहिलो. रडू आलं नाही, भीती वाटली नाही. बिजागरी पितळेची आहे, एवढंच डोक्यात आलं.

आजाराचं नाव एंड-स्टेज रीनल डिसीज, म्हणजे किडनीचा आजार शेवटच्या पायरीवर पोचणं. रक्तात क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ असतो, किडनी तो गाळून बाहेर टाकते. तो एकच्या आसपास असावा लागतो. सुमनचा अकरा होता. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसून लहान झालेल्या दिसत होत्या. दोन महिने तिला फोडणीचा वास सहन होत नव्हता, तोंडाला लोखंडासारखी चव येत होती, अंगाला खाज सुटत होती. आम्ही पित्त समजून बसलो होतो.

"हे दोन महिन्यांत झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "काही वर्षं चाललं असणार. पूर्वी कधी लघवी तपासली होती? कुणी काही सांगितलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

त्या 'नाही'साठी मी हे लिहायला बसलो आहे. डायलिसिसची माहिती तुम्हाला इतर ठिकाणीही मिळेल.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. १९७१ साली इंग्लंडमध्ये लेस्टरला गेलो. मी यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढायचो, सुमन मोज्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. आमची मुलगी केतकी तिथेच झाली. मग तिथले कारखाने एकेक करून बंद पडायला लागले, तेव्हा १९८०मध्ये आम्ही पश्चिम जर्मनीत गेलो, स्टुटगार्टजवळच्या एका गावात. पगार चांगला होता, पण राहायचा परवाना एकेका वर्षाचा. दर वर्षी कचेरीत जाऊन बाकावर बसायचं आणि शिक्का पडेपर्यंत घरात नवीन पडदेसुद्धा घ्यायचे नाहीत. नंतर अमेरिकेची नोकरी आली. प्रत्येक वेळी सामान बांधताना सुमन एकच विचारायची, "हे शेवटचं ना?" मी हो म्हणायचो.

लेस्टरला ती कारखान्यातल्या बायकांकडून इंग्रजी शिकली होती. चांगलं, ठसकेबाज. समोरच्याला 'डक' म्हणायची तिथली पद्धत आहे, आपण 'बाई गं' म्हणतो तसं. ते तिच्या जिभेवर कायमचं बसलं. जर्मन मात्र ती शिकली नाही. शिकायचं म्हणत होती. गावातल्या शाळेत संध्याकाळचा वर्ग होता. मीच म्हणालो, कशाला, आपण इथे फार दिवस राहणार नाही. मग दुकानापासून डॉक्टरपर्यंत सगळीकडे तिच्या वतीनं मी बोलायला लागलो. आणि मला ते आवडायला लागलं. हेही लिहून टाकतो.

१९८२च्या शेवटी तिचा घसा खूप धरला. तो बरा झाला, पण दोन-तीन आठवड्यांनी पावलं सुजायला लागली. लघवीला फेस येतो म्हणाली. जानेवारीत मी तिला आमच्या रस्त्याच्या टोकाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्तदाब घेतला, लघवी तपासली, आठवड्यानं परत बोलावलं. त्या दुसऱ्या भेटीत ते सावकाश, माझ्यासाठी सोपं करून बोलले. लघवीतून प्रथिनं आणि रक्त जातंय. किडनीला सूज आहे. स्टुटगार्टच्या तज्ज्ञांकडे जा, ते सुईनं किडनीचा छोटा तुकडा काढून तपासतील. त्याला बायॉप्सी म्हणतात. तीन महिन्यांच्या आत व्हायला हवी. मीठ कमी करा. आणि तज्ज्ञांसाठी त्यांनी एक बंद लिफाफा दिला.

सुमननं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

मी म्हणालो, "सगळं ठीक आहे म्हणाले. थकवा आहे. मीठ कमी खा."

ती हसली. डॉक्टरांकडे वळून तिला येत होता तो एकुलता एक जर्मन शब्द म्हणाली, डांके, धन्यवाद. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "त्यांना समजलं ना?" मी म्हणालो, "हो."

अमेरिकेचा व्हिसा तेव्हा हातात होता. वैद्यकीय तपासणी पार पडली होती. तिच्यात छातीचा एक्स-रे होता, लघवी कुणी तपासली नव्हती. एप्रिलमध्ये कामावर हजर व्हायचं होतं. आता हा आजार कागदावर आला तर पुन्हा तपासणी करतील, कदाचित नाही म्हणतील, असं मला वाटलं. खरंच म्हणाले असते का, ते मला आजही माहीत नाही. मी कुणाला विचारलंच नाही. अमेरिकेत जाऊन दाखवू, तिथे डॉक्टर अधिक चांगले, असं ठरवलं.

अमेरिकेत आल्यावर एडिसनमध्ये घर, गाडीचं लायसन्स, केतकीची शाळा. मीठ कमी केल्यानं सुमनची सूज उतरली होती. मी विसरलो असतो तर निदान तसं सांगता आलं असतं. मी विसरलो नव्हतो. लिफाफा परवान्यांच्या फाइलमध्ये होता आणि ती फाइल मी अधूनमधून काढायचो. एकदा उघडून वाचलाही. मग परत आत ठेवला.

१९८५च्या त्या निदानानंतर आठवड्याभरात डायलिसिस सुरू झालं. हीमोडायलिसिस म्हणजे शरीरातलं रक्त नळीतून यंत्रात नेऊन, धुऊन, परत शरीरात सोडणं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. सुरुवातीला गळ्याच्या हाडाखाली नळी घातली. मग डाव्या हातात फिस्टुला केला, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियेनं धमनी आणि शीर जोडली, की शीर जाड होऊन तिच्यात सुया घालता येतात. त्या हातावर बोटं ठेवली की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. त्या हाताचा रक्तदाब घेऊ द्यायचा नाही, त्यावर झोपायचं नाही. हे लक्षात ठेवा.

खाण्याचं सगळं उलटं. केळं नको, टोमॅटो नको, नारळ नको, दाण्याचं कूट नको, डाळ अगदी थोडी. बटाटा चिरून पाण्यात ठेवायचा, ते पाणी टाकायचं, मग भरपूर पाण्यात उकडायचा, तेही पाणी टाकायचं, म्हणजे त्यातलं पोटॅशियम कमी होतं. पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. दिवसाला पाणी मोजून चार पेले. स्वयंपाक मी शिकलो. माझी भाजी खाऊन सुमन एकदा म्हणाली, "पाणी टाकलंत ते बरं केलंत. चवही त्याच्यातच गेली."

डायलिसिसच्या खोलीत ग्लोरिया नावाची नर्स होती. ती सुमनला विचारायची, आज कसं वाटतंय, आणि मी सांगायचो, आज बरं आहे. चौथ्या की पाचव्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी त्यांना विचारलं. सुई तुम्हाला टोचलीय का?" केतकी तिथेच गृहपाठ करत होती. वर न बघता म्हणाली, "शी कॅन टॉक, डॅड." सुमन म्हणाली, "थँक यू, डक." तिघी हसल्या. मीही हसलो. नंतर पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो, बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

असे आठ महिने गेले. मी कामावर जात होतो, ड्रॉइंग्ज बिनचूक येत होती. त्याच काळात साताऱ्याहून सुमनच्या धाकट्या भावाचं, श्रीकांतचं पत्र आलं. तो तिथे शाळेत शिकवतो. लिहिलं होतं, "ताई, माझी एक घे. दोन कशाला लागतात, मी काय दोन पगार घेतो का?"

डॉक्टरांनी पत्राचा अर्थ ऐकला आणि मान डोलावली, पण एक अडचण सांगितली. सुमनचे वडील चाळिशीतच अंग सुजून गेले होते. त्यांना नेमकं काय झालं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. आजार वडिलांकडून आलेला असेल तर तो भावातही दबून असू शकतो. मग त्याची किडनी घेणं म्हणजे दोघांना धोका. "आकसलेल्या किडन्या सगळ्या सारख्याच दिसतात," ते म्हणाले. "सुरुवात कशी झाली, ते आता आम्हाला कळत नाही. जुना एखादा रिपोर्ट असता तर..."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मी पुढे काही बोललो नाही. त्या दिवशी सुमननं घरी येऊन श्रीकांतला नकाराचं पत्र लिहायला घेतलं. दोन ओळी लिहून थांबली. म्हणाली, "त्याला दोन लहान मुलं आहेत. राहू दे. मला यंत्राची सवय झालीय."

दुसऱ्या दिवशी मी फाइल काढली.

घरी सांगायची हिंमत नव्हती. डॉक्टरांसमोर ती आवाज चढवणार नाही, असा हिशेब मी केला. इतका सगळा विचार मला सुचत होता, म्हणून सांगतो, बधिर माणूसही लबाड असू शकतो. आधी डॉक्टरांना एकट्याला गाठून लिफाफा दिला. जर्मन त्यांना येत नव्हतं. त्यांनी कागद उलटसुलट बघितला, तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे त्यांचं पत्र आहे. त्यांच्यासमोर वाचा."

सुमन आत येऊन बसली. मी वाचायला लागलो. जर्मन वाक्य डोळ्यांनी वाचायचं आणि इंग्रजीत मोठ्यानं सांगायचं. इंग्रजी तिला कळत होतं. १९८०मध्ये परवान्यासाठी केलेल्या तपासणीत लघवी स्वच्छ होती. नंतर घशाचा संसर्ग. आता प्रथिनं आणि रक्त. किडन्यांचा आकार व्यवस्थित. ग्लोमेरुलोनेफ्रायटिसची शंका, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्यांना सूज. बायॉप्सी तीन महिन्यांच्या आत. शेवटची ओळ होती, रुग्णाला आजाराची कल्पना पतीमार्फत दिली आहे. तीही वाचली.

मी कागदाची घडी घातली. मग सुमन मराठीत म्हणाली, "तेव्हा मी हसले होते."

"हो."

"त्या म्हाताऱ्याला वाटलं असेल, बाई वेडी आहे."

 तिनं विचारलं, "तीन महिन्यांनी आपण कुठे होतो?"

"इथेच. सोफा घ्यायला गेलो होतो."

डॉक्टर थांबले होते. त्यांनी सांगितलं की हे पत्र फार उपयोगाचं आहे. लघवी आधी स्वच्छ होती, म्हणजे आजार वडिलांकडून आला नसावा. भावाच्या सगळ्या तपासण्या करू, पण आता दार बंद नाही. मी विचारलं, तेव्हाच उपचार झाले असते तर? ते म्हणाले, "किडन्या वाचल्या असत्या असं मी सांगू शकत नाही. वाचल्या नसत्या असंही सांगू शकत नाही." मग ते सुमनकडे वळले आणि विचारलं, समजलं ना? मी तोंड उघडणार होतो. ती म्हणाली, "आय अंडरस्टँड. ऑल ऑफ इट."

घरी येऊन ती भांडली नाही. मी वाट बघत होतो. दोन-तीन आठवडे मीठ, पाणी, केतकीची बस, एवढंच बोलली. मग एक दिवस पर्समध्ये छोटी वही टाकली आणि म्हणाली, "यापुढे डॉक्टरांकडे मी एकटी आत जाणार. तुम्ही बाहेर बसा."

१९८७च्या वसंतात श्रीकांत आला. त्याच्या तपासण्या नीट निघाल्या. ट्रान्सप्लांट झालं, म्हणजे त्याची एक किडनी सुमनच्या ओटीपोटात बसवली. शुद्धीवर आल्यावर त्यानं आधी विचारलं, "चालली का?" पहिल्याच दिवशी लघवी झाली तेव्हा ग्लोरिया वरच्या मजल्यावर येऊन ती पिशवी बघून गेली. पुढे एकदा रिजेक्शन झालं, म्हणजे शरीर परक्या किडनीवर उठलं. औषधं वाढवून ते आवरलं. स्टेरॉइडनं सुमनचा चेहरा गोल झाला आहे. ती पोटभर पाणी पिते. पेला संपला की पुन्हा भरते, आणि मी बघत असतो.

इथे अमेरिकेत आपल्याकडे आता गावाहून आईवडील येतात. त्यांना घेऊन मुलं दवाखान्यात बसलेली मला दिसतात. डॉक्टर पाच वाक्यं बोलतात, मुलगा आईला एक सांगतो. आई हसते. मनात काळजीच असते, मला माहीत आहे. तरी सांगतो, पाचच्या पाच सांगा. आजार तिचा आहे.

हा लेख छापायला देऊ का, असं मी सुमनला विचारलं. तिनं पूर्ण वाचला. म्हणाली, "द्या. माझं नाव बदलू नका."

त्या म्हाताऱ्या डॉक्टरांना मी जर्मनमध्ये पत्र लिहिलं, आभाराचं, आणि तेव्हा खोटं बोललो ते कबूल करणारं. उत्तर आलं नाही. श्रीकांतचे आभार मानायला गेलो तर तो म्हणतो, भावजी, विषय बदला.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. सुमन वही घेऊन आत जाते. मी बाहेर बसतो. अर्ध्या तासानं ती दार उघडून येते. मी उठून तिचा कोट धरतो आणि विचारतो, "डॉक्टर काय म्हणाले?"

ती कोटात हात घालते. "सगळं ठीक आहे म्हणाले."

वही तिच्या पर्समध्ये असते. मी ती कधी उघडलेली नाही.