चौदा नंबरचा बीम

"मॅडम, चौदा नंबरच्या बीमला चार सळया नाय. दोनच हायत," हसुरामदादा म्हणाले.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घेतलेली तीन दिवसांची रजा संपवून मी नुकती साइटवर पोचले होते. हेल्मेटचा पट्टासुद्धा लावला नव्हता.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मी थंयच होतो ना. बीम टेकंना. दोन भोकांत सळया शिरल्या, दोन नाय शिरल्या. मंग हापिसातून फोन आला आनि गॅसकटरनी दोन सळया कापल्या. वरून मसाला भरला. आता बघाल तर चारी भोका सारकीच दिसतात."

हसुरामदादा आमचे रिगर फोरमन. क्रेनला ओझं कुठे बांधायचं, कसं उचलायचं, कुठे टेकवायचं, हे सगळं त्यांच्या इशाऱ्यावर चाले. घरची मिठागरं गेल्यावर ते बंदरात कामाला लागले आणि हे काम तिथे शिकले. मी क्वालिटी इंजिनीअर. काम ड्रॉइंगप्रमाणे झालंय का, हे तपासून सही करणं ही माझी नोकरी.

आमचं स्टेडियम पनवेलच्या बाहेर, प्रीकास्ट पद्धतीचं. म्हणजे बीम, पायऱ्या, भिंती सगळं उरण रोडच्या यार्डात साच्यात ओतायचं, पुरेसं कडक झालं की ट्रेलरवर घालून साइटवर आणायचं आणि क्रेनने जागेवर बसवायचं. काम झपाट्याने होतं. फक्त दोन तुकडे जिथे जोडले जातात, तिथे चूक परवडत नाही.

प्रेक्षक ज्या पायऱ्यांवर बसतात, त्या एका तिरक्या बीमवर टेकलेल्या असतात. त्याला रेकर म्हणतात; चौदा नंबरचा बीम त्यातलाच. खांबातून अंगठ्याहून जाड चार सळया वर आलेल्या असतात आणि रेकरच्या टोकाला चार आरपार भोकं. रेकर खाली येतो, सळया भोकांत शिरतात, मग त्या भोकांत ग्राउट भरायचं. ग्राउट म्हणजे सुकताना न आकसणारा सिमेंटचा पातळ घोळ. हजारो माणसं एका तालात उड्या मारतात, तेव्हा रेकरला जागेवर धरून ठेवायचं काम या चार सळया करतात.

मी टॅबवर चेकलिस्ट उघडली. बीम चौदा. सळया चार, सरळ, स्वच्छ. तपासणी पूर्ण. तपासणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव. तारीख मात्र माझ्या रजेची.

माझा पासवर्ड प्रोजेक्ट मॅनेजरांकडे होता. "तुम्ही नसाल तर काम अडायला नको," असं म्हणून त्यांनी तो मागितला होता, आणि मी दिला होता. तो मूर्खपणा माझाच. पण मी आईच्या डोळ्यांत ड्रॉप घालत बसलेली असताना माझ्याच नावाने खोटं लिहिलं गेलं, याने माझं डोकं सणकलं.

प्रोजेक्ट मॅनेजर खानविलकर केबिनमध्ये होते. मी टॅब त्यांच्यासमोर ठेवला.

"सर, चौदाच्या दोन सळया कापल्यात?"

"कोण म्हणतं?"

"हसुरामदादा तिथे हजर होते."

नाव तोंडातून गेलं. त्या क्षणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"हे बघा," ते म्हणाले, "कॉलमच्या सळया दोन इंच सरकलेल्या होत्या. क्रेन लटकत्या बीमला धरून उभी, मागे तीन ट्रेलर रस्त्यावर, ट्रॅफिकवाले येऊन बोंब मारतायत. डिसिजन घ्यावा लागतो. आणि डिझाइनमध्ये मार्जिन असतं."

"मार्जिन किती ते डिझायनर सांगेल. त्यांना विचारलंत?"

"उद्या बघू. तुम्ही रजेवरून आत्ताच आलाय, चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर हसुरामदादा उभे दिसले. हातात डबा, अंगात केशरी जॅकेट. त्यांचा गेटपास मशीन घेत नव्हतं. सिक्युरिटीवाल्याने मला रजिस्टर दाखवलं. कारण लिहिलं होतं: साइटवर अफवा पसरवणे.

मला त्यांच्याकडे बघवेना. "दादा, तुमचं नाव मी सांगितलं," मी म्हणाले.

"मंग काय झाला? खरा तेच सांगला ना तुमी," ते म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी तशीच टेबलाशी गेले आणि ईमेल लिहिली. चेकलिस्टचा फोटो जोडला, त्याखाली माझा मंजूर झालेला रजेचा अर्ज. लिहिलं, "या तपासणीच्या वेळी मी साइटवर नव्हते. बीम चौदाच्या सांध्यात दोन सळया कापल्याची माहिती आहे. खात्री होईपर्यंत या भागात पुढचं काम होऊ नये." डिझाइन कन्सल्टंट, क्लायंट, आमचं हेड ऑफिस आणि खानविलकर, सगळ्यांना एकदम पाठवली.

दहा मिनिटांत खानविलकर माझ्यासमोर होते. "करिअर संपवायचंय का तुम्हाला?"

"नाही सर. म्हणूनच पाठवली."

कन्सल्टंट दुपारीच आले. सत्तरीला टेकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "वाद कशाला? ड्रिल मारा." भोकात सळई असेल तर ग्राउटमध्ये चार इंचांवर ड्रिल लोखंडाला अडणार. नसेल तर आत जात राहणार.

पहिलं भोक. चार इंचांवर करकर आवाज आला, ड्रिल थांबलं. दुसरं, तसंच. तिसऱ्यात चार इंच झाले, आठ झाले, फूटभर झालं, ड्रिलचं पातं संपलं. चौथ्यातही तेच. खानविलकर फोनवर बोलण्याच्या निमित्ताने लांब जाऊन उभे राहिले.

मग तोपर्यंत बसवलेला प्रत्येक रेकर तपासला. आणखी एक तसाच निघाला. दोन्हींवरच्या पायऱ्या उतरवल्या, ग्राउट कापून बीम वर उचलले, खांबात नवी भोकं पाडून कन्सल्टंटच्या ड्रॉइंगप्रमाणे सळया केमिकलने पक्क्या केल्या. तीन आठवडे गेले. सरकलेल्या सळया बघून पहिल्याच दिवशी क्रेन थांबवली असती, तर दोन दिवसांत भागलं असतं.

ते तीन आठवडे सुरू होण्याआधी मी एक गोष्ट केली. मंजूर झालेल्या कागदांत लिहिलं होतं की सर्टिफाइड रिगर फोरमन हजर असल्याशिवाय बीम उचलायचा नाही, आणि साइटवर तसे एकच होते. मी उचलण्याच्या परमिटवर सही केली नाही.

"दुसरा रिगर आणतो," खानविलकर म्हणाले.

"आणा. त्याचे कागद कन्सल्टंट मंजूर करेपर्यंत क्रेन उभी राहील."

चौथ्या दिवशी हसुरामदादांचा गेटपास सुरू झाला. ते आले, स्लिंगचे हूक एकेक हातात घेऊन तपासू लागले, आणि मान वर न करता विचारलं, "माफी मागली का कोनी?"

"नाही."

"नाय मागायचे ते. चला, कामाला लागू."

कंपनीच्या शेवटच्या रिपोर्टात लिहिलं गेलं की 'नियमित अंतर्गत तपासणीत त्रुटी आढळली'. मी त्यात हसुरामदादांचं नाव घातलं होतं. दोनदा घातलं, दोनदा काढलं गेलं. खानविलकरांची बदली झाली, याहून मोठ्या प्रोजेक्टवर. त्यांच्या निरोपाला केक कापला. मी गेले नाही.

आता नवे इंजिनीअर हाताखाली येतात, तेव्हा त्यांना मी सांगते. चूक दाखवलीत की समोरचा पहिल्यांदा विचारतो, कोण म्हणतं? त्याचं उत्तर द्यायचं नाही. ड्रिल मागवायचं.