पक्कं झाकण

सोसायटीच्या मागच्या वाफ्यात शेजारचे सुभेदार रताळी काढत होते. गुडघे टेकून ते एक लोखंडी सळी मातीत तिरपी, अगदी हळू सरकवत आणि काही लागलं की थांबून भोवतालची माती बोटांनी दूर करत. रताळ्यांसाठी एवढी नाजूक तऱ्हा मी कधी पाहिली नव्हती.

"जुनी सवय," ते म्हणाले. "सरहद्दीजवळच्या शेतांतले सुरुंग असेच काढायचो. सळी सरळ वरून टेकली की संपलं. तिरपी गेली तर नुसती कडेला लागते."

मग जरा वेळाने म्हणाले, "शेताचा मालक रोज बांधावर येऊन विचारायचा, साहेब, आता नांगर घालू का? एक दिवस त्याने विचारलं नाही."

हातातल्या रताळ्याची माती ते पुसत राहिले.

"इतके पावसाळे मातीत काढूनही सुरुंगाच्या आत पाण्याचा थेंब नसायचा. झाकण बसवणाऱ्याने काय मन लावून काम केलं होतं."

सुरुंगांच्या कारखान्यात माझी उभी नोकरी त्या झाकणांवर गेली. रबराची कडी नीट बसली का, हे मी प्रत्येकावर अंगठा फिरवून पाहायचो. माझ्या टेबलावरून गेलेला नग कधी परत आला नाही, असं घरी कौतुकाने सांगायचो. तो पुढे कुठे जातो, हे विचारायचं मला कधी सुचलंही नाही.

"तुम्ही कशात होता?" सुभेदारांनी विचारलं.

"कारखान्यात."

"कसल्या?"

त्यांनी त्यातलं सगळ्यात मोठं रताळं माझ्या हातात ठेवलं.

"डब्यांच्या," मी म्हणालो.