धोंडिराम आर्मररचा स्क्रू

धोंडिराम आर्मररला आमच्या गावात सगळे तिरसट म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातं? मी त्या गावात सून म्हणून नांदले आणि त्या माणसाला तिरसट कुणी केलं ते या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते.

वीस वर्षं फौजेत बंदुका दुरुस्त करून ते हवालदार होऊन परत आले होते. रहिमतपूरच्या स्टँडजवळ पत्र्याच्या खोलीत त्यांचं दुकान. स्टोव्ह, शिलाई मशीन, फवारणीचे पंप, काहीही आणा. बंदूक दुरुस्तीचा सरकारी परवाना चौकट करून भिंतीवर लावलेला. घर मात्र आमच्याच गावात, बौद्धवाड्यात. छप्पन साली अख्ख्या वाड्यानं धर्म बदलला, पण माझ्या सासऱ्यांच्या, भाऊसो पाटलांच्या, तोंडातला जुना शब्द काही बदलला नाही. वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला ते ‘धोंड्या’ म्हणायचे.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. माझे मालक, जोतीराम, गुडघ्याला मार लागून पलटणीतून घरी आले होते. सांगलीच्या एका बँकेत रखवालदाराची जागा निघाली. अट एकच, स्वतःची परवान्याची बंदूक हवी आणि ती चालती हवी. सोमवारी अकरा वाजता साहेबाला दाखवायची. आमच्या घरात दुनळी बंदूक होती, परवाना मालकांच्या नावावर केलेला. ही नोकरी लागली की सांगलीत दोन खोल्यांचं वेगळं बिऱ्हाड होणार होतं. मला दुसरं काही नको होतं.

पण बंदुकीचा चाप दाबला तर दबेना. कसा दबेल? ती राहायची देवघराच्या कोपऱ्यात. दर खंडेनवमीला तिला दुधापाण्यानं अंघोळ, वर ओलं हळदकुंकू. पुसायचं कुणी नाही. देवाची वस्तू पुसायची कशी, असं सासरे म्हणायचे. आतलं लोखंड गंजून एकजीव झालं होतं.

शेवटी धोंडिरामांना बोलावणं गेलं. ते आले, तर त्यांना अंगणात पोत्यावर बसवलं. बंदूक सोप्यावर, त्यांच्यापासून चांगली चार हात लांब. देवघरातली बंदूक म्हणून त्यांनी शिवायची नाही. त्यांनी तिथूनच सांगायचं आणि मालकांनी डिसमिसनं चापाचा सांगाडा धरणारा स्क्रू फिरवायचा. डॉक्टरला अंगणात बसवून घरच्या माणसानं पोट कापावं, तसला प्रकार. मी दारात उभी होते आणि माझं डोकं फिरलं होतं. पण सुनेचं डोकं फिरलं काय नि न फिरलं काय.

धोंडिरामांनी लांबूनच ओळखलं. म्हणाले, “डिसमिस बारीक हाय. पातं खाचंत भरत न्हाई. थांबा, फिरवू नका.”

सासरे म्हणाले, “दाब रं, काय होतंय.”

मालकांनी दाबलं. डिसमिस सर्रकन घसरला आणि त्यानं स्क्रूची खाच पार खाऊन टाकली. माथ्यावर नुसता चकचकीत खड्डा उरला. आता त्याला धरायला जागाच नाही. धोंडिराम उठले, धोतर झटकलं आणि चालू लागले. सासरे मागून म्हणाले, बघा, कसला माज आहे.

शुक्रवारी मालक आणि मी एस.टी.नं रहिमतपूरला गेलो. सासऱ्यांना कळू नये म्हणून बंदुकीचा लाकडी दस्ता घरीच ठेवला होता आणि लोखंडी भाग माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून नेला होता. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या मालक म्हणाले, “उस्ताद, चुकलं माझं.”

उस्ताद! पलटणीत आर्मररला सगळे उस्ताद म्हणतात. पलटणीत मालक त्यांच्यासारख्यांच्या शेजारी बसून एका लंगरात जेवत होते. गावच्या वेशीत शिरलं की ही जीभ कुठं जात होती, हे मला अजून कळलेलं नाही. मला त्या क्षणी नवऱ्याचीच लाज वाटली.

धोंडिरामांनी लुगडं सोडून लोखंड हातात घेतलं. मग जे बोलले ते स्क्रूविषयीच. माणूस आडदांड असला की आधी जोर लावतो आणि मग अक्कल शोधतो, असं काहीसं. हात मात्र चालूच होते. स्क्रूवर रॉकेल सोडलं आणि मुरू दिलं. स्टोव्हच्या जाळावर एक सळई लाल करून माथ्यावर टेकवली. मग लहान हातोडीनं टकटक, इतकी हलकी की झोपलेलं पोर उठू नये. करवतीच्या पात्यानं माथ्यावर नवी खाच पाडली आणि तिच्या मापाला डिसमिसचं टोक कानशीनं घासलं. घासायचं, लावून बघायचं, परत घासायचं. टोक खाचेत घट्ट बसलं तेव्हा कुठं त्यांनी मनगट वळवलं. स्क्रू कुरकुरला आणि निघाला. मालक हसले. धोंडिराम हसले नाहीत.

जुना स्क्रू कामातून गेला होता. पेटीत त्या मापाचा मिळेना, म्हणून त्यांनी एका बोल्टपासून नवा घडवला, आटे पाडले, माथा घोटून गुळगुळीत केला. आतला गंज खरवडून तेल दिलं. दुपार त्यातच गेली. मग त्यांनी आपली अट सांगितली. दस्ता घरी आहे, तर जोडणी घरीच करावी लागेल. रविवारी ते येतील. “पर सोप्यावर बसून, आन् माझ्या हातानं.”

मालक म्हणाले, “व्हय उस्ताद.”

रविवारी ते आले. खाकी सदरा कडक इस्त्रीचा. सोमवारच्या नोकरीपायी सासऱ्यांनी त्यांना वर चढू दिलं. धोंडिराम सोप्यावर बसले, दस्ता जोडला, स्क्रू बसवला. नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून त्यांनी चाप ओढला. टक्. दुसरा ओढला. टक्. मला तो आवाज सांगलीच्या घराची कडी वाजल्यासारखा वाटला. खोटं कशाला बोलू.

त्यांनी बंदूक खाली ठेवली, आणि सासऱ्यांनी मला हाक मारली. म्हणाले, सूनबाई, गोमूत्राचा तांब्या आणा. मी आणून दिला. त्यांनी तुळशीचं पान बुडवलं आणि त्या माणसाच्या समोर, त्याचा हात लागलेल्या लोखंडावर गोमूत्र शिंपडलं. एकदा नाही, तीनदा.

धोंडिराम शांतपणे म्हणाले, “आना हिकडं. एक बघायचं ऱ्हायलंय.” बंदूक मांडीवर घेतली, खिशातून तोच घासलेला डिसमिस काढला आणि चार वेढ्यांत स्क्रू बाहेर काढला. सदऱ्याच्या टोकानं नीट पुसून वरच्या खिशात टाकला आणि बटण लावलं.

“बंदूक तुमची हाय पाटील. स्क्रू माझा हाय.”

ते गेले. सासऱ्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली, अंगणात काठी आपटली. मी मालकांना म्हटलं, मागं जा, पाय धरा, तुमच्या तोंडानं माफी मागा. ते खांबाला टेकून बसले ते उठलेच नाहीत. सोमवारी तशी खिळखिळी बंदूक घेऊन सांगलीला गेले, आणि साहेबानं ती हातातही न घेता दुसऱ्या माणसाला जागा दिली.

ते संध्याकाळी परत आले आणि माझा सगळा राग उसळून बाहेर पडला. तुमचा बाप असला, तुमी असले, पलटणीत वाघ आन् घरात शेळी. त्या मानसानं केलं ते लय बेस केलं, मी असते तर बंदूक हिरीत टाकली असती. काय काय बोलले, मलाही आठवत नाही. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. बूट काढता काढता मान वर न करता त्यांनी विचारलं,

“तांब्या कुनी आनून दिला?”

सांगलीचं बिऱ्हाड पुढं कधीच झालं नाही. लोक धोंडिरामांना तिरसट म्हणत राहिले, आणि ते म्हणत असताना मी तिथून उठून जात असे, कारण त्यांच्या बाजूनं बोलायला मला तोंड उरलं नव्हतं.