आडवा पडलेला तुकडा

लॅबमध्ये तिला सगळे चिमटी म्हणत. चिमट्यातून तिच्या हातून कधी काही निसटलं नाही, म्हणून. रुग्णांच्या अंगातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, मशीनवर त्यांचे पातळ काप काढायचे, काचेवर चढवून डॉक्टरीणबाईंकडे पाठवायचे, हे तिचं काम. नव्या पोरींना ती दटावायची, "जिभेचा तुकडा उभा बसवा गं. आडवा पडला, तर आजार किती खोल गेलाय ते कुणाच्या बापाला कळायचं नाही."

त्या दिवशी डबीवर ताईचं नाव होतं. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. ताईच्या जिभेला हाड नाही असं अख्खं घर म्हणायचं, आणि त्याच जिभेच्या कडेला गाठ निघाली होती. गाठ लहान होती. खोल गेली नसेल तर एवढ्यावर सुटका, नाहीतर आजार पसरला असेल म्हणून मानेतल्या गाठी काढायला मानही उघडावी लागेल, असं सर्जन म्हणाले होते.

"दे इकडे, मी करते," शेजारच्या टेबलावरची म्हणाली. चिमटीने डबी सोडली नाही. ताईचा जीव परक्या हातात कसा द्यायचा? डोळे भरून आले होते, तरी हट्टाने तिनेच तुकडा मेणात बसवला आणि मशीनवर चढवला. वरवरचे काप सुटून केरात पडू लागले, आणि तिने झटकन मशीन थांबवलं. तुकडा आडवा होता. खोलवरची बाजू पात्याकडे, आणि तीच केरात गेली होती.

तिने मेण वितळवलं, तुकडा उभा केला. गुडघ्यांवर बसून केर चिवडला. पापुद्रे चिमट्यात धरताच त्यांचा चुरा होत होता. चिमटी रडत होती आणि उचलत होती.

डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकातून मान वर केली. "दोन मिलिमीटर खोल गेलेलं तर दिसतंय. पण त्याखालची कडच नाही गं. तिथे पेशींचे सुटे पुंजके होते का, आजार नसांत शिरला होता का, काय सांगू मी?"

"मग मान उघडणार?"

"न उघडण्याची जोखीम कोण घेईल?"

कदाचित मान उघडायची गरज होती, कदाचित मुळीच नव्हती. आता ते कुणालाच कळणार नव्हतं.

संध्याकाळी ती ताईच्या खाटेशी बसली. सगळं सांगायचं ठरवूनच आली होती. टाके घातलेल्या जिभेने ताई बोबडं बोलली, "तुझ्या हातात होतं ना, म्हणून मला घोर नव्हता. दुसरं कुणी असतं तर डोळ्याला डोळा लागला नसता."

चिमटीची जीभ धडधाकट होती. तिच्याने एक शब्द बोलवला नाही.