कागदात गुंडाळलेल्या गोळ्या

आमच्या नाक्यावरचे औषधवाले काका बीपीच्या, शुगरच्या गोळ्या तशाच हातावर ठेवतात. मनाच्या दुखण्याच्या गोळ्या मात्र न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. सहा वर्षं मी तशी पुडी घेतोय. काल संध्याकाळी ती घेतल्यावर चालायचाही कंटाळा आला, म्हणून दुकानापुढच्या बाकावर टेकलो आणि नुसता बघत राहिलो.

शाळेतल्या बाई पुडी घेऊन गेल्या. इस्त्रीवाला घेऊन गेला. रोज सकाळी बागेत टाळ्या वाजवून मोठमोठ्याने हसणारे पेन्शनर साहेबही पुडी खिशात सारून निघून गेले. एवढी माणसं आतून दमलीत, आणि मला वाटायचं मी एकटाच!

तेवढ्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. पुडी पर्समध्ये टाकताना त्यांना मी दिसलो.

"बीपीची हो," त्या घाईघाईने म्हणाल्या.

माझी पुडी हातातच होती. खरं बोलायचंही त्राण नव्हतं.

"माझीही बीपीचीच," मी म्हणालो.

बीपीच्या गोळ्या काका कधी गुंडाळत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग घरापर्यंत आम्ही पाण्याच्या टँकरविषयी बोलत गेलो.