भिंतीकडे तोंड

"तू खेळ, तू पडदा. खेळानं भिंतीकडं बघायचं, पडद्यानं डोकं नाही चालवायचं." नारायणगुड्याच्या कॉम्प्युटर क्लासात आमचे सर पहिल्याच दिवशी अशी दोन मुलं उठवायचे. मी तिथली लॅब सांभाळायचो, त्यामुळे हा तमाशा दर बॅचला पाहिला.

भिंतीकडे बसलेल्यानं फुली-गोळ्याचा सगळा डाव मनात ठेवायचा, पाळी कुणाची, जिंकलं कोण ते ठरवायचं. फळ्याजवळच्यानं सांगितलं तेवढंच काढायचं. नवशिके प्रोग्रॅम लिहिताना ही दोन्ही कामं एकात कालवतात, ती अशी वेगळी करायची. शिकवण्यात सरांचा हात धरणारा कुणी नव्हता. जीभ मात्र जहरी. तुम्हीही असा एखादा मास्तर पाहिलाच असेल.

फळ्याजवळचा चुकून "सर, फुली जिंकली" म्हणाला की खडू भिरकावायचे. "पडदा कायकू बोलतो रे? पडद्याला अक्कल असती का?"

एका बॅचला वैशाली नावाची मुलगी होती; तिला ते कायम भिंतीकडे बसवत. तिच्या चेहऱ्यावर कोडाचे डाग होते. "हिचं डोकं चालतं, तोंड नाही चालत," असं भर वर्गात म्हणायचे. एका कंपनीनं क्लासकडे एकच नाव मागितलं, तर सरांनी फळ्याजवळचा देखणा पोरगा पाठवला.

"सर, आमच्या जोडीचा प्रोग्रॅम मी लिहिला होता," वैशाली म्हणाली. "घरात दुसरं कमावणारं कुणी नाही."

"हौ, मालूम आहे. पण कंपनी आधी पडदा बघती."

ती निघून गेली. मला तेव्हा सरांचा भयंकर राग आला, अजूनही येतो.

पुढे राज्याची वाटणी झाली. मालकानं क्लास विजयवाड्याला हलवला आणि सरांना इथंच सोडलं. पन्नाशीच्या माणसाला कोण घेणार? वैशालीनं तोवर चिक्कडपल्लीत स्वतःचा क्लास काढला होता, आणि चांगला चालला होता. सर मला घेऊन तिथं नोकरी मागायला गेले. मला आत पाठवून स्वतः बाहेर बाकावर बसले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

"त्यांच्यासारखं कुणी शिकवत नाही, हे मला ठाऊक आहे दादा," वैशाली म्हणाली. "पण माझ्या पोरींसमोर त्यांना उभं करणार नाही."

मी बाहेर येऊन जागा भरल्याचं सांगितलं.

"मग तू कायकू तोंड पाडतो?" सर हसले. "माझ्या हाताखालची पोरगी आहे. जागा निघाली की पहिलं मलाच बोलावंल."

शेवटच्या आजारात मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला होता. ते गेले नाहीत. मला जवळ बोलावून म्हणाले, "तिनं बोलावलं आणि मी गावात नसलो, तर?"