साडेचारशे रुपयांची कवळी

माझ्या पुस्तकाची किंमत पंचेचाळीस रुपये ठरली होती. छापून आली साडेचारशे. प्रूफ मीच तपासलं होतं, तेही दोनदा; दुसऱ्यांदा तर चष्मा लावून. ऐंशी पानांचं, पिना मारलेलं पुस्तक. आत आमच्या घरातल्या गमतीजमती, बाकी काही नाही.

त्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे सासऱ्यांची हरवलेली कवळी. घरभर शोधाशोध झाली, आणि शेवटी ती तुरीच्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, सापडली. सापडली कुणाला, तर माल पाहायला म्हणून कट्ट्यात हात घालणाऱ्या व्यापाऱ्याला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण माझ्या एकाही विनोदावर सासरे हसलेले नाहीत. या गोष्टीवर तरी हसतील, अशी माझी फार आशा. पुस्तक आधी पाठवून दिलं आणि आठ दिवसांनी बायकोला घेऊन सासुरवाडीला, दारव्ह्याला गेलो.

पाहतो तर पुस्तकाला खाकी कव्हर, आत जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. सासऱ्यांचा चेहरा कीर्तनाला बसल्यासारखा.

"जवाईबापू, कवळी म्हणजे माणसाचा अहंकार ना?"

"नाही मामाजी, कवळी म्हणजे कवळीच. तुमची."

"अन् तुरीचा कट्टा म्हणजे संसार. समजलं मले. साडेचारशेच्या पुस्तकात नुसते दात कायले राहतीन?"

हसायचं सोडून माणूस चिंतन करून राह्यलता! मला काही राहवलं नाही. खिशातला पेन काढला आणि त्यांच्यासमोरच किमतीतलं शून्य खोडलं.

"छपाईची चूक आहे, मामाजी. पंचेचाळीसचंच पुस्तक आहे. हसायसाठी लिहिलं."

सासऱ्यांनी ती गोष्ट पुन्हा वाचली. या खेपेला उभ्याउभ्या. मग चष्मा काढला.

"म्हणजे पंचेचाळीस रुपयांसाठी तुम्ही माही इज्जत काढली?"

चहा आला. सोबतचा चिवडा काही आला नाही.

परतताना जीपमध्ये चौघांच्या सीटवर आम्ही सहा जण. अशा अवस्थेतही मी बायकोला विचारलंच, "तू सांग, ती गोष्ट वाचून तुले तरी हसू आलं का नाही?"

"म्या कुठं वाचली?" ती म्हणाली. "घरात गठ्ठेच्या गठ्ठे पडले हायेत फुकटचे. वाचीन कधीतरी."